वृद्धाश्रमातले कर्मचारी स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांवर एवढे का खेकसतात?

तुम्ही विचारलंय, आईला ठेवलंय तिथल्या मावशी तिच्यावर ओरडतात, त्यांना माया नसते का? सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका वृद्धाश्रमात मी सात वर्षं सिस्टर होते, म्हणून लिहायला बसले.

माया असते. पण बहुतेकींना खरोखर वाटतं, की म्हातारं माणूस मुद्दाम करतंय. सकाळी नावानं हाक मारणारा संध्याकाळी "तू कोण गं?" म्हणून हात उगारतो, हा आजार आहे हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. त्यात रात्री बावीस जणांमागे दोघी.

आमच्याकडे एक तात्या होते. उभा जन्म हरिपुरात हळदीच्या पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, गेलेला. दिवसभर शांत, दिवेलागणीला मात्र फाटकाचे गज हलवायचे. "पेवात पाणी शिरलंय, सोडा मला!" २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. इन्चार्ज बाईंचं उत्तर ठरलेलं, "पूर कधीच ओसरला तात्या, नाटकं बंद करा." ते आणखी बिथरायचे. मग हात कॉटला बांधायचे, नाहीतर मनोविकारावरची गोळी द्यायची.

एकदा मी जाऊन विचारलं, "तात्या, पेवात उतरायचं कसं?" गज हलायचे थांबले. "लगेच न्हाय उतरायचं पोरी. तोंड उघडून ठेवायचं, आतली हवा जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा. इझला तर समजायचं, माणूस गुदमरून मरतंय." सांगत सांगत माझ्याबरोबर आत आले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी मी घरून हळकुंडं नेली. तात्या परातीत जाड एकीकडे, बारीक एकीकडे करत बसले, बोटं पिवळीधमक. बाई म्हणाल्या, "खेळत बसायचा पगार मिळतो का तुला?"

माझं म्हणणं आजही तेच आहे. गप्पांना वीस मिनिटं लागायची. हात बांधायला दोघी लागायच्या, वर मनगटाच्या वळांना मलम. आणि त्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्या पुराच्याच साली दिलाय. बाईंना हे दाखवलं तर म्हणाल्या, इथं अमेरिका नाही.

तुम्ही रविवारी सकाळी जात असाल, तर संध्याकाळी पाचनंतर जाऊन बघा. आई आधी काय करायची, तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते, हे कागदावर लिहून मावशींच्या हातात द्या, ऑफिसात नको.

सगळंच गप्पांनी निभत नाही. दोन दिवसांत एकाएकी वागणं बदललं तर डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्या, म्हाताऱ्या माणसात जंतुसंसर्गानंही असं होतं. चालू गोळी मनानं बंद करू नका. कुणी हात उचलला असेल तर गप्प बसू नका, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि आईच्या हातात निवडायला काही दिलंत तर शेजारी कुणीतरी बसा. तात्यांनी एकदा हळकुंड तोंडात घातलं होतं, तेवढं बाईंचं ओरडणं बरोबर होतं.