जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन निळा धूर सोडतंय, बजेट कमी आहे. काम करावं की दुसरं इंजिन टाकावं?

ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, तडा नसेल तर आहे तेच इंजिन उघडून काम करा, पद्मिनीसाठी तेच स्वस्त पडतं. फियाट 1100 वरून आलेलं हे 1089 सीसीचं साधं इंजिन आहे, जुन्या मेकॅनिकांच्या हातातलं. पण उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. ज्या सिलिंडरचं कमी येईल त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा:

- आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाय.
- तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यातलं पॅकिंग). ते बहुधा हेड उतरवून भागतं, खालचं इंजिन उघडायला नको.

भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण त्याच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे बदलल्यावर आरटीओकडे नोंद लागते. गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर आणखी जपा: 2021 च्या व्हिंटेज नियमांना इंजिनातले फेरफार चालत नाहीत. मात्र क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आधीच घासून शेवटच्या साइजपर्यंत ग्राइंड झालेला असेल आणि दुसरा मिळत नसेल, तर त्याच मॉडेलचं, कागदपत्रं असलेलं इंजिन घ्या.