लवंगेचे तेल, दातदुखी आणि जंतू

प्रश्न : दाढ दुखू लागली की आमच्या घरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात आणि दुखणे थांबते. लवंग, ओवा, निलगिरी यांची तेले जंतू मारतात, हे प्रयोगांतून दिसल्याचेही वाचले. मग दंतवैद्याकडे न जाता हे तेलच लावत राहिले तर चालेल का? पाच वर्षांच्या नातवालाही ते लावता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला अनुभव खरा आहे. लवंगेच्या कळ्यांपासून वाफेच्या साहाय्याने काढलेल्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असते आणि ते दाताच्या आतील नस बधिर करते. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरताच लवंगेसारखा जो वास येतो तो बहुधा याच द्रव्याचा असतो, कारण झिंक ऑक्साइडची भुकटी युजेनॉलमध्ये कालवून दात तात्पुरता भरण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे.

जंतूंविषयी आपण वाचले तेही चुकीचे नाही. युजेनॉल आणि ओव्याच्या तेलातील थायमॉल (याचेच स्फटिक आपल्याकडे ओव्याचे फूल म्हणून मिळतात आणि कापूर व पुदिन्याच्या फुलासह अमृतधारेत पडतात) ही दोन्ही द्रव्ये पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात सहज मिसळतात. जीवाणूच्या पेशीचे पटल स्निग्ध असल्यामुळे ती त्यात शिरतात, पटल सच्छिद्र होते, आतील पोटॅशियम आणि ऊर्जा साठवणारी द्रव्ये बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. ज्या जीवाणूंना या पटलाबाहेर आणखी एक आवरण असते ते मात्र पुष्कळदा टिकाव धरतात. जखमांत पू करणारा स्यूडोमोनास हा त्यांतला विशेष चिवट.

अडचण येते ती प्रयोगशाळेतून तोंडात आल्यावर. काचेच्या बशीत तेल जंतूंना थेट आणि बराच वेळ भिडते. तोंडात ते लाळेने विरळ होते, उडून जाते, अन्नातील व ऊतींतील प्रथिनांना आणि चरबीला चिकटून बसते. जंतू मरावेत म्हणून त्याचे प्रमाण वाढवावे, तर आपल्या स्वतःच्या पेशींचे पटलही स्निग्धच असते, म्हणून निव्वळ तेलाने हिरडी भाजल्यासारखी पांढरी पडते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, किडीने दाताच्या गाभ्यापर्यंत मजल मारली की जंतू मुळाच्या टोकाशी, हाडाच्या आत पोहोचतात, आणि वर ठेवलेल्या बोळ्यातील तेल तिथवर जाऊच शकत नाही. दुखणे थांबते ते नस बधिर झाल्यामुळे. आतला पू वाढतच असतो. म्हणूनच मला या तेलाची भीती वाटते ती ते निरुपयोगी आहे म्हणून नव्हे, तर त्याचा गुण लगेच येतो म्हणून. अशा वेळी नुसती प्रतिजैविकेही पुरत नाहीत. किडलेला गाभा साफ करून रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो, आणि ते दंतवैद्यालाच करता येते.

रात्री-अपरात्री दाढ ठणकली तर एक थेंब लवंगेचे तेल थोड्या खोबरेल तेलात मिसळून कापसाने फक्त त्या दातावर, हिरडीला न लागेल असे, लावायला हरकत नाही. नातवाला मात्र ते लावू नका. लहान मुलाने चमचा-दोन चमचे लवंगेचे तेल प्याल्यावर ते बेशुद्ध होऊन त्याच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. निलगिरीचे तेल आणि कापूर पोटात गेल्यास मुलांना आकडी येऊ शकते. या बाटल्या देवघराच्या फळीवर न ठेवता कुलपात ठेवा.

गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांपैकी काहीही दिसले, तर दुखणे कमी असले तरी त्याच दिवशी दंतवैद्याकडे जा, आणि श्वास घ्यायला जड वाटत असेल तर सरळ रुग्णालय गाठा.