निरवानिरवीची भाषा बोलणाऱ्या मुलाला आत्महत्येबद्दल थेट विचारावे का?

आपल्या अभ्यासिकेत येणारा मुलगा निकाल लागल्यापासून "आता माझं काही उरलं नाही" असे म्हणतो आहे, आणि त्याला आत्महत्येविषयी विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, अशी आपल्याला धास्ती वाटते. माझे सांगणे असे की थेट विचारावे आणि आजच विचारावे. विचारल्याने माणूस त्या वाटेला लागतो हा गैरसमज आहे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मी नागपुरात नंदनवन भागातल्या एका अभ्यासिकेचे काम पाहतो. दोन वर्षांपूर्वी यवतमाळकडचा एक मुलगा आपल्या पुस्तकांवरचे नाव पेनाने खोडून ती इतरांना वाटत होता आणि माझ्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपयेही त्याने आणून दिले. तो त्याचा चांगुलपणा आहे, असे मी दोन दिवस समजत राहिलो, याची खंत मला आजही आहे. तिसऱ्या रात्री दिवे मालवल्यावर मी त्याला पायरीवर बसवले आणि विचारले, "जीव द्यायचा विचार येतो का रे मनात?" तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "हो काका. पण घरी नका सांगू."

हे वचन मात्र आपण देऊ नये. मी त्याला सांगितले की सांगावे तर लागेलच, पण आधी कोणाला सांगायचे ते तू ठरव. त्याने मोठ्या बहिणीचे नाव घेतले. ती पहाटेच्या एसटीने गणेशपेठला उतरेपर्यंत मी त्याला एकटे सोडले नाही, आणि मध्यरात्री आम्ही दोघांनी मिळून १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन केला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जीवाला तात्काळ धोका दिसत असेल, तर मात्र ११२ किंवा १०८ लावावा.

दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत तो विभाग आहे. घरचे लोक येथे बहुधा पोलिसांच्या भीतीने अडखळतात. त्यांना सांगावे की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा केली जात नाही आणि तिची काळजी व उपचार यांची जबाबदारी शासनावर येते. इथे तर नुसता विचार बोलून दाखवला आहे. मुलगा गावी जाणार असेल, तर घरातली कीटकनाशके दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला सांगावे. तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही काळाने ओसरते, आणि तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसणे जीव वाचवू शकते.

"एका परीक्षेने काय होतं" किंवा "आईबापाचा विचार कर" असे त्याला म्हणू नये. त्यांचा विचार तो करतच असतो, आणि आपण त्यांना ओझे झालो आहोत असे त्याला वाटत असते.

उपचार सुरू झाल्यानंतरचे आठवडेही नाजूक असतात. अभ्यासिकेतल्या आम्ही तिघांनी वार वाटून घेतले होते आणि रोज कोणीतरी त्याच्यासोबत चहा घ्यायचा. आपला मुलगा आज अभ्यासिकेत आला नसेल, तर फोनवरच्या "ठीक आहे" वर थांबू नका. त्याच्या खोलीवर जा.