लहान मुलाला डायलिसिस एकदा सुरू केले की आयुष्यभर सुटत नाही, हे खरे आहे का?

आपण लिहिले आहे की साडेतीन वर्षांच्या मुलीला रक्ताचे जुलाब झाले, ते थांबल्यावर आठवड्याच्या आत लघवी जवळजवळ बंद झाली, बडोद्याच्या डॉक्टरांनी हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोमचे (तांबड्या पेशी तुटून मूत्रपिंडे बंद पडण्याच्या आजाराचे) निदान करून डायलिसिस सुचवले आणि घरातली वडीलधारी मंडळी 'एकदा मशीन लागले की सुटत नाही' म्हणून अडून बसली आहेत. तिला मुंबईला हलवावे का, असेही आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की हे खोटे आहे. संमतीपत्रावर आजच सही करा.

हेच वाक्य बडोद्यातल्याच आमच्या दांडिया बाजारातल्या घरात माझ्या मोठ्या दिरांनी उच्चारले होते आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला जुलाब झालेच नव्हते. दोन दिवस ताप आणि उलट्या, मग चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली सूज आणि लघवी कोऱ्या चहासारखी. जवळच्या एका डॉक्टरांनी कावीळ समजून औषध दिले. लघवी अगदीच कमी झाली तेव्हा आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेले आणि रक्ताचा अहवाल आला : हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट ३२ हजार, मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन ६.४, शिवाय पोटॅशियम इतके वाढलेले, की प्रयोगशाळेने तो आकडा आधी फोनवरच कळवला. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्तात, तांबड्या पेशींचे तुकडे दिसत होते. पेशी तुटणे, प्लेटलेट घटणे आणि मूत्रपिंडे बंद पडणे ही तिन्ही एकत्र आली म्हणजे या आजाराचे नाव घ्यावेच लागते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि डायलिसिससाठी कागद पुढे केला.

दिरांच्या भीतीला आधार नव्हता असे मी म्हणणार नाही. कारेलीबागेत राहणारे त्यांचे सासरे मधुमेहाने मूत्रपिंडे गेल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेत होते आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही. पण त्यांची मूत्रपिंडे पंधरा-वीस वर्षे झिजत संपलेली होती. डायलिसिसने ती संपवली नव्हती. माझ्या मुलाची आठवड्यापूर्वी ठणठणीत होती आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकल्यामुळे बंद पडली होती. डायलिसिस मूत्रपिंडाला सवय लावत नाही, त्याला आळशीही करत नाही. मूत्रपिंड सावरेपर्यंत त्याचे काम बाहेरून करते. हे डॉक्टरांनी दोनदा समजावले, तरी दिरांचे म्हणणे असे, की चार दिवस थांबावे आणि त्यांच्या ओळखीच्या वैद्यांचा पुनर्नवा-गोखरूचा काढा दिवसातून तीन पेले द्यावा. ज्या मुलाला लघवीच होत नाही, ज्याच्या फुप्फुसांत पाणी साचू लागले आहे आणि ज्याचे पोटॅशियम हृदय थांबवण्याच्या बेतात आहे, त्याच्या पोटात तीन पेले काढा! माझ्या यजमानांना मोठ्या भावापुढे बोलण्याची सवय नव्हती, ते गप्प उभे राहिले. सासूबाईंनी मात्र डॉक्टरांना गुजरातीत एकच विचारले, की मशीन लावले नाही तर हातात किती वेळ आहे. रात्रीचीही खात्री देता येत नाही, असे उत्तर आले. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सही कर." मी केली. त्यानंतर कितीतरी दिवस नातेवाइकांत 'सुनेने पोराला मशीनला बांधले' अशी चर्चा होती.

प्रकृती थोडी स्थिर झाल्यावर आम्ही त्याला अहमदाबादला नेले. तेथे फॅक्टर एच या प्रथिनाविरुद्ध त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली आहेत असे निघाले. हे प्रथिन आपल्याच प्रतिकारव्यवस्थेतल्या कॉम्प्लिमेंट नावाच्या साखळीला आवर घालते. ते निकामी झाले की ती साखळी रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर उलटते. भारतातल्या शाळकरी वयाच्या मुलांत जुलाबांशिवाय होणाऱ्या या आजाराचे हे एक मोठे कारण आहे. उपचार म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) वारंवार बदलणे, स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. लघवी परत आली, डायलिसिस बंद झाले. गोळ्या मात्र पुढे बराच काळ चालल्या.

आपल्या मुलीचा प्रकार बहुधा वेगळा आहे. रक्ताच्या जुलाबांनंतर होणारा आजार शिगेला किंवा विशिष्ट ई. कोलाय जंतूंच्या विषामुळे होतो, त्यात प्लाझ्मा सहसा लागत नाही आणि बरे होण्याची शक्यता अधिक असते. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांना काही दिवस डायलिसिस लागते आणि बहुतेकांचे ते सुटते. १९५५ साली गासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये या आजाराचे पहिले वर्णन केले तेव्हा त्यातली पाचही मुले दगावली होती. आज चांगले उपचार मिळाल्यास जुलाबांनंतरच्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचांहून कमी आहे. मधल्या काळात मुख्य फरक डायलिसिस आणि अतिदक्षता विभागाने घडवला, काढ्याने नव्हे. 'ते आपोआपही बरे झाले असते' असे दर गणपतीत ऐकवणाऱ्या आमच्या भाऊजींनी ती पाच मुले लक्षात घ्यावीत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. सगळीच मुले पूर्ण सावरत नाहीत. डायलिसिस चार आठवड्यांपलीकडे गेले तर मूत्रपिंडे पूर्ववत होण्याची शक्यता बरीच कमी होते. शिवाय क्वचित जुलाब होऊनही आजार कॉम्प्लिमेंटचाच निघतो, म्हणून ती तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. करायची असेल तर नमुना प्लाझ्मा देण्यापूर्वी घ्यावा लागतो, नंतरचा अहवाल फसवा येऊ शकतो. एवढ्या लहान मुलांना पोटात नळी घालून, मोठ्या मशीनशिवायही डायलिसिस देता येते. मोठे मशीन पाहून घाबरलेल्या आजी-आजोबांना हे सांगून पाहा.

मुंबईचे मला फारसे सांगता येणार नाही. पोटॅशियम उतरल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या संमतीशिवाय तिला गाडीत घालू नका. हलवायचेच झाले तर मुंबईपेक्षा अहमदाबाद कितीतरी जवळ आहे. असारव्याच्या किडनी संस्थेत मुलांच्या विभागाची चौकशी करा.

माझा मुलगा आता नववीत आहे. त्याचा रक्तदाब आणि लघवीतले प्रथिन अजून नियमित तपासावे लागते, कारण नुकसान कधी कधी वर्षांनी उघडे पडते. आपल्या मुलीचेही तपासावे लागेल. त्यावर भाऊजी म्हणतात, "म्हणजे सुटले नाहीच ना." वर्षातून एकदा लघवीची बाटली प्रयोगशाळेत देऊन यायची आणि त्याच संध्याकाळी सयाजीबागेपर्यंत सायकल पिटाळायची, याला ते मशीनला बांधणे म्हणत असतील तर त्यांनी खुशाल म्हणावे. आपण मात्र सही करण्यापूर्वी भाऊजींसारख्यांचे मत विचारू नका.