शास्त्रीय संगीत, साहित्य रोजच्या धावपळीत कसं आणायचं? आधी शिकावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की क्लासिकल ऐकायची खूप इच्छा आहे, चांगलं काही वाचावंसंही वाटतं, पण घर-ऑफिसात वेळ उरत नाही, आणि ओळखीतले सांगतात की आधी राग शिक मग ऐक, नाहीतर डोक्यावरून जाईल. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले. असं सांगणाऱ्यांचं अजिबात मनावर घेऊ नका.

माझे बाबा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. जन्मभर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबले आणि देवळातल्या भजनात पेटी वाजवली, क्लासबिस काही नाही, जुन्या भजनी लोकांबरोबर बसून बसून हात बसला. सकाळी पोफळींना पाणी सोडताना अभंग चालू, सुपारी सोलताना चालू, आणि आकाशवाणी पणजीवर कुणाचं गाणं लागलं की हातातलं काम तसंच सुरू राहायचं, फक्त बोलणं बंद. आमच्या घरात बोलायला कोकणी पण भजन आणि जत्रेतलं नाटक मराठी, त्यामुळे तुकोबा त्यांना पुस्तक न उघडताच पाठ होते.

लग्न होऊन ज्या घरात आले तिथे मोठे दीर गाण्यातले जाणकार. त्यांचा नियम असा की क्लासिकल लावलं की सगळं सोडून समोर बसायचं. मी स्वयंपाक करताना गायिका केसरबाई केरकर लावल्या की येऊन बंद करायचे, म्हणे फोडणीच्या धुरात ऐकणं हा कलेचा अपमान आहे.

एकदा पणजीच्या कला अकादमीतल्या केसरबाई केरकर समारोहाला बाबांना घेऊन आम्ही सगळेच गेलो. दुपारचं सत्र, राग भीमपलास, विलंबित म्हणजे संथ तीनताल, आणि संथ इतका की त्याच्या सोळा मात्रा कुठे भरतायत ते मला लागतच नव्हतं. बाबा डोळे मिटून मांडीवर बोटं टेकत बसलेले. गायिका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची आणि त्याच क्षणी त्यांची मान हलायची, तालाच्या दर फेरीला, पुढेमागे नाहीच. मध्यंतरात दिरांनी चारचौघांत विचारलं, "काय बाबा, राग ओळखलात का?" बाबा म्हणाले, "नाव नाही हो सांगता येत, पण आमच्याकडे एका अभंगाची चाल ह्याच सुरांत आहे. चढताना रे आणि ध घ्यायचे नाहीत, उतरताना घ्यायचे." दीर हसले आणि बाजूच्यांना म्हणाले, "भोळ्या भावाने ऐकतात." बाबा गप्प राहिले. मी आजही नाही राहू शकत. अहो, आरोहात म्हणजे सूर चढताना रिषभ-धैवत (रे-ध) वर्ज्य आणि अवरोहात म्हणजे उतरताना सगळे सूर, हेच तर भीमपलासाचं लक्षण! ते त्यांनी सांगून टाकलं होतं, आणि ते कुळागरात काम करता करताच कानात गेलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं, काम करताना बिनधास्त ऐका. फक्त रोज नवीन शोधत बसू नका, एकच धरा. केसरबाई आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, त्यांची भैरवी रागातली 'जात कहाँ हो' १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं त्यामुळे ही मोठी माणसं पाल्हाळ न लावता थेट मुद्द्यावर यायची, नवशिक्याला ह्याहून बरं काही नाही. तीच रोज लावा, कुकर लावताना, गाडीत, कपडे वाळत घालताना, आणि पुढची जागा, म्हणजे गाण्यातली पुढची सुरेख ओळ, यायच्या आधी तुमच्या ओठांवर आली की समजा कान तयार होतोय. मग नाट्यसंगीत. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकीबुवांनी १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' ह्या नाटकाला संगीत दिलं, नाटकच गाण्याच्या दोन घराण्यांच्या, म्हणजे दोन परंपरांच्या, भांडणाचं असल्यामुळे दोन गायक्यांतला फरक कुणी न समजावता ऐकू येतो.

साहित्याचं जास्त सांगत नाही, कविता मोठ्याने वाचा एवढंच. बोरीच्या बाकीबाब (बा. भ.) बोरकरांची एखादी घरच्यांसमोर म्हणून बघा, बोरकर मनातल्या मनात वाचायचे कवीच नव्हेत. आणि श्रावणात जमलं तर वास्कोच्या दामोदर सप्ताहाला या. चोवीस तास भजन तुटत नाही, आणि गाणाऱ्यांत दुकानदार, कारागीर सगळे असतात. त्यांना कुणी विचारत नाही की राग ओळखलात का.

आता एक राहिलंच. शिकू नका असं मी म्हणत नाहीये, शिकायला मिळालं तर जरूर शिका, ऐकण्यात भरच पडते. आणि प्रत्यक्ष मैफिलीला गेलात तर फोन बंद ठेवा, विलंबित चालू असताना चहाला उठू नका, शेजारच्याशी कुजबुजू नका. समोर माणूस गात असतो. एवढ्या बाबतीत दिरांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.