पहिल्या नंबराचा फ्लेक्स आणि अकरावीची पहिली चाचणी

शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक होती आणि एका आईला त्याआधी माझ्याकडून उत्तर हवं होतं. बैठकीत एकच वादाचा विषय होता. पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वर्गातल्या पहिल्या तिघांची नावं आणि फोटो शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर आणि शाळेच्या फेसबुकवर लावायची जुनी पद्धत आहे. ती चालू ठेवायची की बंद करायची, यावर प्रत्येकाने लेखी मत द्यायचं होतं.

‘मॅडम, बंद करा म्हटलं तर लोक म्हणणार, हिचा मुलगा मागे पडतो म्हणून बोलतेय. चालू ठेवा म्हणावं, तर आमच्या घरात काय चाललंय ते तुम्हाला माहितीच आहे.’

मला माहिती होतं, कारण तिची थोरली मुलगी त्या आधीपासून माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होती. ही हकीकत मी दोघींच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतेय. मुलीचं नाव बदलूनसुद्धा देत नाही. ते एकदा चौकात लागलंय तेवढं पुरे.

दहावीला तिला ९८.६० टक्के पडले. पाचशेपैकी चारशे त्र्याण्णव. शाळेत पहिली. निकालाच्या तिसऱ्या दिवशी कर्वेनगरमधल्या त्यांच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागला: वर ‘परिसराची शान’, मध्ये ती, आणि दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा मोठ्या आकारात दोन भावी नगरसेवक हात जोडून उभे. तिचा फोटो ताणून रुंद केलेला. चेहरा इतका उजळवलेला की भुवया जवळजवळ गेलेल्या.

‘फोटो कुणी दिला होता?’ मी विचारलं.

‘बाबांनी. आधार अपडेट करताना काढलेला होता.’

‘तुला विचारलं होतं?’

‘विचारायचं काय त्यात? सगळे खूश होते.’

फ्लेक्स गणपतीपर्यंत राहिला. मग मंडळाला जागा हवी होती म्हणून निघाला. तोपर्यंत अकरावी सायन्सची पहिली चाचणी झाली होती आणि फिजिक्समध्ये तिला पंचवीसपैकी अकरा पडले होते. घरी तिने एकवीस सांगितले. पेपर दप्तराच्या आतल्या कप्प्यात दडवला, आईला तो डबा काढताना सापडला, रडारड झाली, आणि ‘मुलगी खोटं बोलायला लागली’ अशी तक्रार घेऊन आई-बाबा माझ्याकडे आले.

दोघांनाही धक्का खोटं बोलण्याचा बसला होता. अकरा गुणांचं मला फारसं नवल वाटलं नाही. दहावीला प्रत्येक विषयाचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, सहांपैकी सर्वांत कमी गुणांचा विषय ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये गळतो, आणि पाठ्यपुस्तक पाठ झालं की बराचसा पेपर हाताला येतो. अकरावीला पुस्तक जाड होतं, गणितं वळणावळणाची होतात. पुण्यातल्या निम्म्या हुशार मुलांना पहिल्या सत्रात हा दणका बसतो, आणि बहुतेक जण दिवाळीनंतर सावरतात. ती सावरत का नव्हती, हे बघायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत ती जरा मोकळी झाली. क्लासला जायला तिने रस्ता बदलला होता. कोपऱ्यावरून सरळ पाच मिनिटांचं अंतर, पण ती डहाणूकर कॉलनीतून वळसा घालून जायची. सोसायटीच्या आरतीला खाली उतरणं बंद. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘काय टॉपर, आयआयटी पवई ना?’ म्हणायचे. वॉचमन ‘टॉपर ताई’ म्हणायचा, आणि तोही अगदी मनापासून. ती म्हणाली, ‘मॅडम, मार्क कमी पडले त्याचं एवढं नाही. पण ते कमी पडलेत हे किती जणांना सांगायला लागेल, ते मोजत बसते मी. फिजिक्स उघडलं की तेच.’

बाबांना हे पटेना. ‘कौतुक केलं त्यात आमचं काय चुकलं? माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा घरी कुणाला कळलंसुद्धा नव्हतं.’ त्यांचं दुखणं मला समजतं. ज्याला स्वतःला शाबासकी मिळाली नाही तो लेकरासाठी चौकभर शाबासकी लावतो. त्यांना मी क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ सालचा अभ्यास सांगितला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्यांनी कोडी सोडवायला दिली. झाल्यावर काहींना म्हटलं ‘तू हुशार आहेस’, काहींना म्हटलं ‘तू छान मेहनत घेतलीस’. नंतर सगळ्यांनाच मुद्दाम अवघड कोडी दिली आणि सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा सोपी दिली तेव्हा ‘हुशार’ म्हणवलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली. शिवाय आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांना लिहून कळवायला सांगितलं, तर ‘हुशार’ गटात फुगवून लिहिणारी मुलं कितीतरी जास्त निघाली. ओळखपाळख नाही, शिक्षा नाही, तरी खोटे गुण! आणि हे सगळं बंद खोलीत उच्चारलेल्या एका वाक्यामुळे. इथे तर दहा फुटी फ्लेक्स होता.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे एकवीस तिने आमच्यासाठी सांगितले.’

पुढचं काम फार नाट्यमय नव्हतं. खरे गुण कुणाला कळणं गरजेचं आहे, याची यादी तिला करायला सांगितली. तासाभराने यादीत तिघंच उरले: आई, बाबा आणि फिजिक्सचे सर. बाकी सोसायटी, आत्या, शाळेचा ग्रुप यांना तिच्या चाचणीशी काही देणंघेणं नाही, हे कागदावर दिसल्यावर तिला पटलं. लिफ्टमधल्या काकांसाठी एक उत्तर तयार केलं: ‘अवघड आहे काका, पण चाललंय.’ ते माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून घेतलं. हसू येईल, पण तोंडात बसलेलं वाक्य हवंच, नाहीतर ऐन वेळी मूल पुन्हा काहीतरी फुगवून सांगतं. बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून फ्लेक्सचा फोटो काढला. ती पेपर घेऊन सरांना भेटली, तेव्हा कळलं की तिला येत होतं ते सगळं लिहून झालंच नव्हतं. दहावीच्या सवयीने प्रत्येक उत्तराला चौकट, दोन रंगांत अधोरेखन, आणि शेवटची दोन गणितं कोरी. पुढच्या चाचणीत चौदा पडले. घरी तिने चौदाच सांगितले.

आता आईच्या प्रश्नाकडे. तिला वाटत होतं मी ‘बंद करा’ म्हणेन. मी तसं म्हटलं नाही, कारण माझ्यासमोर आणखी एक मुलगी होती. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतली, महापालिकेच्या शाळेतली. तिला ८१ टक्के होते आणि ती तिच्या शाळेत पहिली आली होती. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर तिचं नाव माईकवरून पुकारलं आणि वडिलांनाही पुढे बोलावलं. तोवर घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होती. त्या दिवसानंतर काकाच म्हणाला, ‘शिकू दे तिला, शाळेने नाव घेतलंय.’ ती कॉमर्सला गेली. ते नाव बंद दाराआड घेतलं असतं तर काकापर्यंत पोचलं नसतं. म्हणून जाहीर कौतुक सरसकट वाईट, असं कुणी म्हटलं की मी मान डोलावत नाही.

पण फरक बघा. पर्वतीच्या मुलीला आपलं नाव लोकांना कळायला हवं होतं, आणि तिच्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांनाच ते कळलं. कर्वेनगरच्या मुलीला कुणी विचारलंच नाही, आणि ज्यांना कळलं त्यांचा तिच्या आयुष्याशी संबंध लिफ्टपुरता. शिवाय तिला चिकटला तो नंबर. नाव पुकारलं की तो दिवस संपतो, नंबर मात्र पुढच्या प्रत्येक परीक्षेत राखावा लागतो.

आजच्या घडीला त्या नंबरात फारसं तथ्यही उरलेलं नाही. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यभरात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के होते, खेळ आणि कलेच्या सवलतीच्या गुणांसकट. यांच्यात पहिलं कोण? ‘बोर्डात येणं’ हा एके काळी पेठांमधल्या घरांचा केवढा अभिमान होता! निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आई पेढा भरवतानाचा फोटो ठरलेला. पण राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं. सीबीएसईनेही २०२३ मध्ये निकोप नसलेली स्पर्धा टाळायची म्हणून गुणवत्ता यादी दिली नाही आणि प्रथम, द्वितीय, तृतीय श्रेणीही लावली नाही. मंडळांनी जे सोडलं ते शाळा, क्लास आणि भावी नगरसेवकांनी उचललं.

क्लासवाल्यांबद्दल एक वेगळंच बोलायला हवं. कर्वेनगरची मुलगी ज्या क्लासमध्ये फक्त सराव परीक्षा द्यायला गेली होती, त्यांनीही तिचा फोटो ‘आमची विद्यार्थिनी’ म्हणून लावला. पालकांना वाटतं, असू दे, कौतुकच आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो वापरायचा तर लेखी संमती लागते, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी फॉर्मखाली घेतलेली सही चालत नाही. त्याने नेमका कोणता कोर्स केला तेही जाहिरातीत सांगावं लागतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबतच्या निकालात गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत मुलांना लाज आणणं टाळायला सांगितलं, विशेषतः क्लासना. हे आईला सांगितल्यावर तिने त्या क्लासला फोन केला. दोन दिवसांत फोटो उतरला.

‘आणि धाकट्याचं काय?’ तिने विचारलं. धाकटा सातवीत, बहुधा चौथा किंवा पाचवा येणारा. लोकांना वाटतं की अशा फलकाचा त्रास शेवटच्या बाकावरच्या मुलांना होतो. माझा अनुभव उलटा आहे. ती मुलं फलकाकडे बघतही नाहीत, त्यांचं खेळाच्या तासाकडे लक्ष. माझ्याकडे येतात ती चौथ्या ते दहाव्या नंबरची. अर्ध्या गुणासाठी बाईंशी वाद घालणारी, मित्राला वही न देणारी, पहिला आजारी पडला तर मनातून बरं वाटलं म्हणून स्वतःचीच लाज वाटणारी. पाचवी-सातवीच्या पोरांना हे कशाला शिकवायचं? त्या वर्गांत पहिला-दुसरा लावूच नये, या मताची मी आहे आणि यात मला तडजोड दिसत नाही.

दहावीचं थोडं निराळं. तिथे एक टप्पा खरोखर पूर्ण झालेला असतो. नाव घ्यावं, पण आधी मुलाला विचारून, आई-बाबांनी परस्पर ‘हो’ म्हणून नव्हे. नंबराऐवजी त्याने काय केलं ते सांगावं. फेसबुकवरचा फोटो लेखी संमतीशिवाय नको. फलक असलाच तर नवं सत्र सुरू होताना उतरवावा. आईने हे चार ओळींत लिहून दिलं.

बैठकीत अर्थातच खडाजंगी झाली. एका टॉपरचे वडील उठून म्हणाले, ‘आमच्या मुलाने मेहनत केली ती काय लपवायची?’ त्यांचा राग चुकीचा नव्हता. मुख्याध्यापिकांनी त्यांना विचारलं की मुलाला फलकावर यायचं आहे का. ते म्हणाले, विचारून सांगतो. शेवटी आठवीपर्यंतचे नंबर बंद झाले. नववी-दहावीचा फलक राहिला, फोटोसाठी सहीचा कागद आला. अर्धाच ठराव, पण पुण्यात एका बैठकीत एवढं झालं म्हणजे खूप.

कर्वेनगरच्या मुलीच्या आजोबांना मात्र यातलं काही मान्य नाही. त्यांचे थोरले बंधू बोर्डात आलेले. एकदा ते नातीला सोडायला माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मॅडम, गुणवत्ता यादी गेली, आता तुम्ही फलकही घालवा. मग पोरांनी अभ्यास करायचा कशासाठी?’

मी काही बोलायच्या आत नात म्हणाली, ‘आजोबा, मला फिजिक्स आवडतं का, हे अजून कुणी विचारलंच नाहीये.’

‘बरं, मी विचारतो. आवडतं का?’

‘ऑप्टिक्स आवडतं. बाकीचं बघू.’