मारुतीचा मुलगा

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. पदवीला आशियाई संस्कृती आणि समाज हा मुख्य विषय घ्यायचा म्हणतेस, आणि घरचे विचारताहेत, "म्हणजे शिकणार नक्की काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. 'आशिया' हे नावच ग्रीकांचं. तोक्यो, ताश्कंद, तेहरान सगळं एकाच पोत्यात. कोरियन मालिका बघून हे सुचलं असं लिहिताना तू ओशाळलेली दिसलीस. त्याचं काही वाटून घेऊ नकोस. कुणी मालिकांतून येतं, कुणी बुद्धामुळे.

माझी काळजी वेगळी आहे. आपल्या मुलांना या विषयात एक खोड लागते. ओळखीचं काही दिसलं की हरखायचं आणि तिथेच थांबायचं. ध्यानाचं चीनमध्ये 'चान' आणि जपानमध्ये 'झेन' झालं हे कळल्यावर आठवडाभर मी भेटेल त्याला 'आपलंच आहे ते' म्हणून ऐकवत होतो. शेवटी एका बाईंनी विचारलं, "बरं, मग चिन्यांनी त्याचं काय केलं?" मला एक वाक्य बोलता आलं नाही.

थायलंडचं रामायण, रामकियेन, घे. तिथला हनुमान चांगलाच रंगेल. सेतूचे दगड पळवणाऱ्या सुवर्णमच्छा या मत्स्यकन्येच्या तो प्रेमात पडतो, आणि ती असते रावणाची मुलगी! त्यांना मुलगाही होतो. आपल्याकडे मकरध्वज आहे, पण तिथे घामाचा थेंब मध्ये घालून मारुतीचं ब्रह्मचर्य राखलंय. थाई कथेला ती गरजच वाटली नाही. का वाटली नाही? पुढे, 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्या ही थाई राजधानी उद्ध्वस्त केली. 1782 मध्ये बँकॉकला राजधानी नेणाऱ्या राजाने आपल्या कारकिर्दीत हे काव्य नव्याने रचवून घेतलं. नव्या गादीला रामकथा कशाला हवी होती? आता तू इतिहास, राजकारण, धर्म सगळंच वाचायला लागशील. 'रामायण तिकडेही आहे' एवढ्यावर थांबलीस तर यातलं काहीच हाती लागणार नाही.

हे सगळं भाषेशिवाय जमत नाही. एकच भाषा धर आणि तीन वर्षं सोडू नकोस. दोन भाषांची चव घेणारे दोन्हीकडे अर्धे राहतात, असं माझं ठाम मत आहे. कोरियन हंगुल लिपी काही दिवसांत वाचता येईल, व्याकरण मात्र घाम काढेल. जपानीत रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या कांजीच (चिनीतून घेतलेली अक्षरचिन्हं) 2136 आहेत; पण वाक्याची ठेवण मराठीला जवळची, क्रियापद शेवटी आणि 'ला', 'त'सारखे प्रत्यय नामामागून. चिनीत तसा आधार नाही, शिवाय सूर सांभाळायचे; सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो.

नोकरीचं म्हणशील तर नुसत्या पदवीवर फारसं काही मिळत नाही. पक्की भाषा आणि जोडीला अर्थशास्त्र, कायदा किंवा संख्याशास्त्र असेल तर दारं उघडतात. घरच्यांना हे आधीच सांगून टाक.

प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमात एवढंच बघ, की भाषा किती सत्रं सक्तीची आहे. दोनच असेल, तर दुसरं कॉलेज शोध.

तुझा,
सर